भाच्याच्या पेशींचा सांगाडा बिघडला म्हणतात, पण हाडं तर धड आहेत. मग अंग रोगाशी का लढत नाही?

धुऱ्यावरचा (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला कास्तकार. बारावीपर्यंत विज्ञान शिकलो, मग वडील गेले आणि वावर हाती आलं. त्यामुळे काही शब्द समजतात, काही डोक्यावरून जातात. विचारायचं कारण माझा भाचा आहे.

पोरगं पावणेचार वर्षांचं. सहा महिन्यांचा होता तेव्हापासून कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे इसब. गावात कोणी खरूज म्हणे, कोणी उष्णता म्हणे. कान वाहायचा, थांबायचा, पुन्हा वाहायचा. मागच्या वर्षी पोळ्याच्या दिवशी मी बैलं धुऊन घरी आलो तर बहीण त्याला न्हाऊ घालत होती. तिनं आवाज दिला. पोराच्या नडगीवर लाल-जांभळे बारीक ठिपके, गोचीड चावल्यासारखे. पण हात फिरवला तर वर काहीच लागत नव्हतं, आणि बोटानं दाबलं तरी लाली जात नव्हती. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर प्लेटलेट १८ हजार.

डेंगू म्हणून भरती केलं. ताप तर नव्हताच, मी तसं सांगितलंही, कोणी ऐकलं नाही. चार दिवसांनी सुटी, महिन्याभरात पुन्हा तेच ठिपके. दुसऱ्या दवाखान्यात प्लेटलेट कमी होण्याचा साधा आजार सांगितला आणि स्टिरॉइड सुरू केलं. पोराचं तोंड सुजलं, प्लेटलेट काही वाढल्या नाहीत. असं करत तीन दवाखाने झाले. शेवटी नागपूरला एका मॅडमनं इसब, कान आणि प्लेटलेट हे तिन्ही एका कागदावर लिहून काढलं, आमच्याकडे पाहिलं, आणि जनुकाच्या तपासणीला रक्त पाठवलं. रिपोर्ट आला, विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम.

मॅडम म्हणाल्या, “याच्या पेशींच्या आतला सांगाडा नीट बांधला जात नाही, म्हणून टी पेशी जाग्या होत नाहीत.” मागे पंचवीस-तीस लोक रांगेत होते, मी मान हलवून बाहेर आलो. आता पंधरा दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

पोरगं धावते, झाडावर चढायला पाहते, हाडं मजबूत आहेत. मग सांगाडा कोणता? आणि आम्ही तर शिकलो होतो की टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली पांढरी पेशी, जंतूला ओळखते ती कुलूप-किल्लीसारखी. किल्ली लागली की उघडलं. त्यात सांगाड्याचं काय काम? आणखी एक. गावात बोलून राहिले की हा रोग आईकडून आला. बहीण धड जेवत नाही आहे. मला दोन मुली आहेत, बायको रात्री उठून त्यांच्या पायावर ठिपके पाहते. कोणाला नीट माहीत असेल तर सांगा जी, सोपं करून सांगितलं नाही तरी चालेल, पण खरं सांगा.


काचपट्टी

भाऊ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी समुद्रपूर तालुक्यातली, म्हणजे तुमच्या शेजारचीच. गेली अकरा वर्षं टी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हेच माझं काम आहे. मी डॉक्टर नाही, औषधपाण्याचं त्या मॅडमनाच विचारा. पण टी पेशीला सांगाडा कशाला लागतो ते मी रोज डोळ्यांनी पाहते, तेवढं सांगू शकते.

आधी तो शब्दच बाजूला करू. सांगाडा म्हटलं की हाडं आठवतात, एकदा झाली की जन्मभर तीच. पेशीतला सांगाडा तसा नसतो. लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा, पण असा की एका टोकाला बल्ल्या रोवणं चालू आहे आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला उपटणं. उपटलेली बल्ली पुन्हा पुढे नेऊन रोवायची. सगळा मांडव असा सरकत असतो, आणि पेशी त्याच्या जोरावर आकार बदलते, सरपटते, पकडते. यातले सर्वांत बारीक धागे अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे, ७ नॅनोमीटर जाड. टी पेशी साधारण ७ मायक्रोमीटर रुंद. म्हणजे धागा पेशीच्या रुंदीच्या हजाराव्या भागाइतका. अ‍ॅक्टिन १९४२ मध्ये हंगेरीत सेगेदच्या प्रयोगशाळेत स्नायूंमधून वेगळं केलं गेलं, आणि बरीच वर्षं ते स्नायूंचंच प्रथिन समजलं जायचं. तुमचा दंड ज्यानं नांगर दाबतो तेच प्रथिन टी पेशीतही ओढायचं काम करतं. हे ‘ओढणं’ लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

कुलूप-किल्लीचं चित्र चूक नाही, अपुरं आहे. कुलूप दाराला पक्कं बसलेलं असतं. इथे दोन्ही बाजू मऊ, ओल्या आणि हलत्या. डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे अंगावर मांडून गळ्या-काखेतल्या लसिका गाठीत येते. टी पेशी तिथे मिनिटाला १० मायक्रोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असते, एकीला चाचपून दुसरीकडे जाते. समोरच्या पेशीवर हजारो तुकडे, त्यातले बहुतेक आपल्याच शरीराचे निरुपद्रवी. कामाचे मोजके, कधी दहासुद्धा नाहीत. एवढ्यातून नेमका तो ओळखायचा, आणि चुकून स्वतःच्या तुकड्यावर भडकायचं नाही. हे जमतं कसं?

लहानपणी आमच्या गोठ्यात लाइट नव्हती. पहाटे बाबा अंधारात खुंट्याशी वाकायचे, दाव्याला हात घालायचे आणि हलका हिसका द्यायचे. दावं ढिलं हातात आलं तर गोऱ्हा सुटून गेला. पलीकडून ओढ आली तर जनावर जागेवर आहे. बाबांना दिसत काहीच नव्हतं, ओढल्यावर कळत होतं.

टी पेशी तेच करते. तिच्या अंगावर तुकडे ओळखणारे ग्राही असतात, एकेका पेशीवर ३० हजारांच्या घरात. ग्राही तुकड्याला चिकटला की आतलं अ‍ॅक्टिन त्याला ओढतं. २०१४ मध्ये एकेका ग्राहीला ओढून मोजणारे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत फार सुंदर गोष्ट दिसली. निरुपद्रवी तुकड्याशी जडलेला बंध ओढला की लवकर सुटतो. योग्य तुकड्याशी जडलेला बंध, साधारण १० पिकोन्यूटनच्या, म्हणजे अतिशय बारीक ओढीपर्यंत, ओढल्यावर उलट जास्त वेळ टिकतो. फासगाठ ओढली की आवळते तसा. म्हणजे ओढणं हीच परीक्षा. आता ओढायचं तर हात पाहिजे, आणि तो हात म्हणजे अ‍ॅक्टिन. हात लुळा असेल तर दावं हातात असूनही जनावर आहे की नाही ते कळणार नाही. तुमच्या मॅडमच्या वाक्याचा अर्थ हा आहे.

मी काचपट्टीवर टी पेशीला चेतवणाऱ्या प्रतिपिंडाचा, म्हणजे तुकड्याच्या जागी ग्राहीला चिकटणाऱ्या प्रथिनाचा लेप देते, ३७ अंशांवर ठेवते, आणि वरून पेशी सोडते. गोल मोत्यासारखी पेशी काचेला टेकते. थोडा वेळ नुसती थरथरते, बोटं काढून चाचपते. मग दोन-तीन मिनिटांत तव्यावर धिरडं पसरावं तशी पसरते. काठाला अ‍ॅक्टिनची कडी चमकते. ती कडी स्थिर नसते, काठावर नवे धागे वाढत राहतात आणि आख्खं जाळं मधल्या बाजूला वाहत राहतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवायला जायचं विसरले होते. पेशीत कॅल्शियम वाढल्याची खूणही त्याच वेळी उजळते, ती पेशी जागी झाल्याची निशाणी. आता त्याच पेशींवर लॅट्रंक्युलिन टाका. समुद्रातल्या स्पंजापासून मिळणारं हे द्रव्य अ‍ॅक्टिनचे धागे बनू देत नाही. पेशी पसरत नाही, आणि कॅल्शियमची ती चमक विझते. प्रतिपिंड तिथेच आहे, ग्राही तिथेच आहेत. किल्ली कुलपात आहे, पण फिरवणारा हात गेला.

ते मध्याकडे वाहणारं जाळं काय करतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला सोपं आहे. कापसाच्या वेचणीला बाया वावराच्या काठापासून सुरू करतात, ओटी भरली की मधल्या ढिगावर रिकामी करतात. टी पेशीतही काठाला ग्राहींचे बारके पुंजके तयार होतात आणि अ‍ॅक्टिनच्या वाहत्या जाळ्याबरोबर मध्याकडे नेले जातात. १९९८ मध्ये अब्राहम कुप्फर यांच्या गटानं या जोडणीच्या जागेची रचना दाखवली, मध्ये ग्राही आणि भोवती पकड घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनांचं कडं. या जागेला प्रतिकार-सायनॅप्स म्हणतात. आधी सगळ्यांना वाटायचं की मधल्या ढिगावरच संदेश सुटतो. नंतर कळलं की जोराचा संदेश काठावरच्या पुंजक्यांतून निघतो, आणि मध्ये पोचलेले ग्राही पुष्कळदा आत ओढून मोडीत काढले जातात. खरं काम वेचणीतच होतं, ढिगावर फक्त माप. आणि ही वेचणी एका झटक्यात संपत नाही. टी पेशी पक्की जागी होऊन वाढायला लागायची तर संदेश काही तास चालू राहावा लागतो, तेवढा वेळ मांडव उभा राहिला पाहिजे.

आता तुमच्या भाच्याकडे येते. अ‍ॅक्टिन त्याच्याकडे आहे, भरपूर आहे. बिघाड आहे तो त्याला फांद्या फोडायला सांगणाऱ्या प्रथिनात, त्याचं नाव वास्प. ते एरवी स्वतःवरच घडी घालून बसलेलं असतं, चाकूचं पातं मुठीत मिटावं तसं. ग्राहीनं संदेश दिला की सीडीसी-४२ नावाचं दुसरं प्रथिन येऊन ती घडी उघडतं. उघडलेलं वास्प मग आर्प २/३ या सात प्रथिनांच्या संचाला हाताशी धरतं, आणि तो संच जुन्या धाग्याच्या अंगावर नवा धागा सुरू करतो, साधारण ७० अंशांच्या कोनात, पऱ्हाटीला फांदी फुटावी तसा. फांद्यांवर फांद्या फुटल्या की जाळं होतं, आणि ढकलायला-ओढायला जोर येतो. वास्प नसेल किंवा तुटकं असेल तर टी पेशीत पुंजक्यांपाशी पुरेसं अ‍ॅक्टिन उभं राहत नाही, पकड डळमळते, संदेश कच्चा राहतो. पेशी जंतूजवळ पोचते, चाचपतेही, पण नीट जागी न होता सुटते.

आणि हाडं धड का, तर वास्प फक्त रक्त तयार करणाऱ्या वंशाच्या पेशींतच असतं. हाडं, मेंदू, यकृत इथे त्याचा भाऊबंद एन-वास्प तेच काम करतो, आणि तो तुमच्या भाच्याचा चांगला आहे. प्लेटलेटही रक्तवंशातल्याच, म्हणून त्या कमी आणि आकाराने बारक्या. फाइलीतला रक्ताचा रिपोर्ट काढा आणि एमपीव्ही अशी ओळ पाहा. तो प्लेटलेटचा सरासरी आकार. साधारण ७ ते ११ असतो. या आजारात बहुधा ५ च्या खाली. डेंगूत प्लेटलेट कमी होतात, पण अशा बारक्या होत नाहीत. हा आकडा मशीन बहुतेक रिपोर्टांवर छापतं, आणि तुमच्याकडे वर्षभर तो फाइलीत पडून होता याचं मला फार वाईट वाटलं.

सांगाड्याच्या दुसऱ्या भागाचं, सूक्ष्मनलिकांचं, थोडक्यात. अ‍ॅक्टिनहून जाड, २५ नॅनोमीटरच्या पोकळ नळ्या, आणि त्या जिथून निघतात ते केंद्र टी पेशी जागी झाल्यावर सरकून नेमकं पकडीच्या जागेमागे येतं. मारणारी टी पेशी आपल्या विषाच्या पिशव्या त्या नळ्यांवरून तिथे नेते आणि समोरच्या रोगट पेशीवरच सोडते, शेजारणीला धक्का लागत नाही. आपल्या धुऱ्यावर पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांची कळलावी उगवते ना, तिच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि ते याच नळ्या बनू देत नाही. म्हणून ती इतकी विषारी, पोराला तिच्यापासून दूर ठेवा.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जड आहे. तो उद्या स्वतंत्र लिहिते, घाईत लिहायचा नाही.


आशाताई कोरपना

दादा, मी चंद्रपूर जिल्ह्यात कोरपन्याकडे आशा आहे. काचपट्टी ताईंनी पेशीचं सांगितलं, मी घरचं सांगते.

पोराचं लसीचं कार्ड नागपूरच्या मॅडमना दाखवा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या की कोणती लस द्यायची, कोणती नाही. बीसीजी, तोंडातून द्यायचे पोलिओचे थेंब, रोटा, गोवर-रुबेला या जिवंत जंतूंच्या लसी. ज्याची प्रतिकारशक्ती अशी कमी आहे त्याला त्या देत नाहीत. घरात दुसरं लहान लेकरू असेल तर त्याला थेंब पाजण्याआधीही विचारा, कारण थेंबातला विषाणू शी-वाटे घरात पसरतो. पल्स पोलिओच्या दिवशी आम्ही दारोदार फिरतो, बोटाला शाई लावतो, कोणी नाही म्हणालं तर समजावत बसतो. तुमच्या गावची आशा पण तसंच करणार, तिची चूक नाही. तिला आधीच घरी बोलावून हा कागद दाखवा. उपकेंद्राच्या सिस्टरलाही एक झेरॉक्स द्या.

दुसरं म्हणजे ताप-अंगदुखीच्या गोळ्या. आमच्या गावात एक पोरगा आहे, त्याला रक्त न थांबण्याचा वेगळा आजार. घरच्यांनी दुकानातून अंगदुखीची गोळी आणून दिली, रात्रभर नाकातून रक्त. मी पहाटे चारला पोचले तेव्हा उशी भिजली होती आणि आई त्याचं डोकं मागे करून बसली होती. डोकं मागे करायचं नसतं, रक्त घशात उतरतं. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दाबून धरायचा. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या अशा पोराला चालत नाहीत, त्या प्लेटलेटचं काम आणखी बिघडवतात. कोणतं औषध चालेल तेही कागदावर लिहून घ्या आणि घराच्या आत, दाराच्या मागे चिकटवून ठेवा.

झाडावर चढू देऊ नका दादा. डोक्याला मार लागला आणि पोरगं उलट्या करायला लागलं किंवा झोपाळलं, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच घडीला निघा. १०८ ला फोन लावतानाच प्लेटलेट कमी असल्याचं सांगा.


धुऱ्यावरचा

दोघींचे उपकार कसे मानू. आशाताई, आमच्या आशाला आजच घरी बोलावलं होतं, तिनं वहीत लिहून घेतलं.

ताई, दाव्याचं वाचून अंगावर काटा आला. मी रोज पहाटे तेच करतो, आजवर त्यावर विचार केला नव्हता. बहिणीला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, “मग माह्यात ते वास्प हाये का नाही? मले तर कधी काही झालं नाही.”

एक गोष्ट काल आईनं सांगितली, तीही लिहितो. तिचा एक भाऊ दोन वर्षांचा असताना गेला. अंगावर चट्टे होते, हगवणीतून रक्त जायचं. तिच्या माहेरी म्हणत की त्याला नजर लागली. आई सांगता सांगता रडायला लागली. माझी धाकटी बहीण आहे, तिचं लग्न वैशाखात ठरलं आहे. तिला काय सांगू?

आणि मॅडम बोनमॅरो बदलायचं म्हणतात. भाच्याची मोठी बहीण सात वर्षांची आहे. तिची घेऊन याचा सांगाडा दुरुस्त होईल?


काचपट्टी

भाऊ, आईंनी सांगितलेली गोष्ट मॅडमना नक्की सांगा, त्यांच्यासाठी ती रिपोर्टइतकीच मोलाची आहे. १९३७ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विस्कॉट या डॉक्टरांनी तीन भावांची नोंद केली. कमी प्लेटलेट, रक्ताची हगवण, इसब, वाहणारे कान. त्यांच्या बहिणी निरोगी होत्या. १९५४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी एका कुटुंबाच्या सहा पिढ्यांचा माग काढला, तिथेही फक्त मुलगेच दगावत होते, आणि दोष आईच्या बाजूने उतरत होता. जनुक सापडलं १९९४ मध्ये. तुमच्या मामांना नजर लागली नव्हती. त्यांना बहुतेक हेच होतं, आणि त्या काळात तुमच्या आजीच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं.

आपल्याकडे सिकलसेल घराघरात माहीत आहे. त्यात आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच पोर आजारी पडतं. हे तसं नाही. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एकच. पुरुषाचा तो एकच बिघडलेला असला तर आजार होतो, झाकायला दुसरा नसतो.

म्हणून पहिल्यांदा तुमच्या मुली. तुमच्याकडे एकच एक्स आहे आणि तुम्ही आजवर धडधाकट आहात, म्हणजे तो चांगला आहे. मुलींना तुम्ही तोच दिलात. तुमच्याकडून हा दोष त्यांना जाऊच शकत नाही, आणि पुढे त्यांच्या लेकरांनाही तुमच्याकडून जाणार नाही. वहिनींना सांगा, रात्री उठून पाय पाहायची गरज नाही.

आता बहीण. तिनं विचारलेला प्रश्न मी इथे शिकायला येणाऱ्या पोरांना विचारते. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच चालू असतो, कोणता ते अगदी सुरुवातीला, गर्भातच ठरतं. म्हणजे तिच्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींत काहींत चांगला चालू, काहींत बिघडलेला. पण बिघडलेल्या एक्सच्या पेशी तगून राहायच्या शर्यतीत मागे पडत जातात, आणि शेवटी रक्तात जवळजवळ सगळ्या पेशी चांगला एक्स चालवणाऱ्याच उरतात. तिच्यात वास्प आहे, पुरेपूर आहे. तिच्या अंगानं ही निवड तिला न कळता केली. पोराकडे निवडायला दुसरा एक्स नव्हता. यात तिनं गरोदरपणी काय खाल्लं, कोणत्या वावरात काम केलं याचा काही संबंध नाही. गावातल्यांना एवढंच सांगा की आईला तो दोष बहुतेक तिच्या आईकडून मिळाला, आजीला तिच्या आईकडून, आणि कोणीही तो मागून घेतलेला नाही.

धाकट्या बहिणीचं मी लपवून सांगणार नाही. आई वाहक असेल, म्हणजे स्वतः निरोगी पण एका एक्सवर दोष असलेली, आणि मामांची गोष्ट तेच सुचवते, तर धाकटीकडे दोष असण्याची शक्यता अर्धी. असला तरी ती स्वतः बहुधा निरोगीच राहील. पण मग तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता पुन्हा अर्धी. भाच्याचा नेमका बिघाड कोणता ते आता कळलेलं आहे, म्हणून तिच्या रक्तात तोच शोधणं सोपं आहे. लग्न मोडायचं हे कारण नाही. पण लग्नानंतर दिवस गेले तर पहिल्या महिन्यांतच डॉक्टरांना सांगण्याचं हे कारण आहे. माझी स्वतःची बहीण असती तर मी तिला आताच तपासणीला नेलं असतं, आणि काय सांगायचं, कोणाला सांगायचं हे तिचं तिला ठरवू दिलं असतं.

बोनमॅरोचं तुम्ही फार नेमकं विचारलंत. सांगाडा दुरुस्त होत नाही, तो बांधणारे गवंडीच नवे येतात. वास्प फक्त रक्तवंशात लागतं असं मी म्हटलं होतं, त्याचा फायदा इथे आहे. देणाऱ्याच्या मूळ पेशी भाच्याच्या हाडांत रुजल्या की तिथून पुढे निघणारी प्रत्येक टी पेशी, प्रत्येक प्लेटलेट देणाऱ्याच्या जनुकावर चालते. बाकी शरीराला बदलायची गरजच नाही. या आजारात असं पहिलं रोपण १९६८ मध्ये झालं, आणि आज तो यावरचा प्रस्थापित इलाज आहे. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. सात वर्षांच्या भाचीचं रक्त जुळतं का आणि ती वाहक आहे का, दोन्ही मॅडम तपासतील. तिचं जुळलं नाही तर नोंदणीतल्या बाहेरच्या दात्यांचा शोध असतो. लहान वयात केलेलं जास्त चांगलं जातं, म्हणून सोयाबीन निघाल्यावर जाऊ असं म्हणू नका. आणि रोपणाआधी रक्त किंवा प्लेटलेट चढवायची वेळ आली तर ते किरण दिलेलं असावं लागतं. मॅडमना ते माहीतच असेल, पण रात्रीबेरात्री दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर तिथे तुम्ही स्वतः सांगा.


धुऱ्यावरचा

ताई, बहिणीनं काल रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

फाइल काढली. पोळ्यानंतरच्या पहिल्या रिपोर्टावर एमपीव्ही ४.२ आहे, दुसऱ्यावर ४.४, तिसऱ्यावर ४.१. तिन्हीच्या खाली मी लाल पेनानं रेघ मारली आहे. सोमवारी पहाटेच्या गाडीनं वडकीहून नागपूरला निघतो. बहीण, भाची, आई, आणि धाकटी. धाकटीला काल सांजच्याला वावरात सगळं सांगितलं. ती थोडा वेळ पऱ्हाटीकडे पाहत उभी राहिली, मग म्हणाली, “माह्यं पण रक्त घेऊ द्या, दादा.”